पाटीवरचे ‘अधिकृत’ आणि त्यामागचा करार : डीलरशिप म्हणजे नेमके काय?

निपाणीपासून खानापूरपर्यंत आणि चिकोडीपासून अथणीपर्यंत कोणत्याही बाजारपेठेतून गेले, तरी मोटारसायकल, ट्रॅक्टर, पंपसेट, सिमेंट, रंग आणि खते यांच्या दुकानांवर वरच्या बाजूला कन्नडमध्ये ‘अधिकृत माराटगाररु’ आणि कोठे त्याखाली मराठीत ‘अधिकृत विक्रेते’, तर कोठे सरळ ‘ऑथोराइज्ड डीलर’ असे लिहिलेले दिसते. या पाटीवरून कोणीतरी या दुकानाला विक्रीची परवानगी दिली आहे एवढे कळते. ती परवानगी कोणी दिली, कोणत्या मालासाठी दिली, कोणत्या हद्दीपुरती दिली आणि ती आजही चालू आहे का, हे मात्र पाटी सांगत नाही. सीमाभागात यातला हद्दीचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण आपला रोजचा बाजार दोन राज्यांत पसरलेला आहे, तर परवाने, नोंदण्या आणि कर मात्र राज्याच्या सीमेपाशी बदलतात.

डीलरशिप हा मुळात कंपनी आणि व्यापारी यांच्यातील करार असतो. कंपनी आपला माल आपल्या नावाच्या पाटीखाली विकण्याचा हक्क एखाद्या व्यापाऱ्याला ठरावीक क्षेत्रासाठी देते, आणि तो व्यापारी कंपनीकडून माल स्वतःच्या पैशाने विकत घेऊन ग्राहकाला विकतो. माल डीलरच्या नावे झाला की त्याची मालकी डीलरकडे जाते. तो खपला नाही, खराब झाला किंवा त्याचा भाव पडला, तर सामान्यतः तोटा डीलरचाच. खरेदी आणि विक्री यांच्या किमतींतला फरक ही त्याची कमाई, जिला बाजारात मार्जिन म्हणतात. याचा अर्थ डीलर हा कंपनीचा नोकर नसतो आणि बहुतेक वेळा कंपनीचा प्रतिनिधीही नसतो. तो स्वतंत्र व्यापारी असतो.

हा फरक नीट कळायला बेळगावच्या एपीएमसी यार्डातील अडत डोळ्यांसमोर आणावी. शेतकरी बटाटा घेऊन अडत दुकानात येतो, तेव्हा अडत्या तो बटाटा स्वतःसाठी विकत घेत नाही. तो शेतकऱ्याच्या वतीने गिऱ्हाइकाला विकून देतो आणि त्या कामाची अडत घेतो. सौदा होईपर्यंत माल शेतकऱ्याचाच असतो आणि भाव पडला तर नुकसानही त्याचेच होते. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १८२ मध्ये दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाची, म्हणजे एजंटची, जी व्याख्या आहे, ती या नात्याला लागू पडते. डीलरचे नाते त्या व्याख्येत बसत नाही. तिथे एकामागून एक अशा दोन स्वतंत्र विक्री होतात, पहिली कंपनीकडून डीलरला आणि दुसरी डीलरकडून आपल्याला, आणि दोन्हींना मालविक्री कायदा, १९३० लागू होतो.

आपल्या बोलण्यात हा भेद राहिलेला नाही. गाडीची एजन्सी, गॅसची एजन्सी, सिमेंटची एजन्सी असे आपण सरसकट म्हणतो आणि दुकानांच्या नावांतही ‘एजन्सीज’ हा शब्द सर्रास असतो. आयुर्विमा विकणारा माणूस खरोखरच एजंट असतो, कारण पॉलिसीचा करार विमा कंपनी आणि ग्राहक यांच्यात होतो. गाडी विकणारा तसा नसतो. न्यायालयेही दुकानाच्या नावाकडे न पाहता कराराच्या कलमांकडे पाहतात. गॅस वितरकाच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने हेच तपासले आणि तेल कंपनी व तिचा वितरक यांचे नाते दोन स्वतंत्र पक्षांचे असल्यामुळे वितरकाच्या चुकीची जबाबदारी त्या प्रकरणात कंपनीवर टाकता येणार नाही, असे ठरवले. मोबाइलची प्रीपेड कार्डे विकणाऱ्या वितरकांना मिळणारी सवलत म्हणजे कमिशन आहे की मार्जिन, हा वाद प्राप्तिकराच्या निमित्ताने वर्षानुवर्षे चालला होता. ते कमिशन असते तर त्यातून कर कापून घेणे कंपन्यांना भाग पडले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे वितरक कंपनीचे एजंट नाहीत असा निर्णय दिला.

पेट्रोल पंपाचे उदाहरण तर आपल्या भागाला अगदी जवळचे आहे. पंपचालकाच्या कमाईला सगळेच ‘डीलर कमिशन’ म्हणतात, पण टाकीत आलेले इंधन त्याने कंपनीकडून आधीच विकत घेतलेले असते. ४ नोव्हेंबर २०२१ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या ऐन दिवाळीत, केंद्राने पेट्रोलवरील उत्पादन शुल्क लिटरमागे ५ रुपयांनी आणि डिझेलवरील १० रुपयांनी कमी केले आणि कर्नाटकानेही दोन्हींवर आणखी ७ रुपयांची कपात केली, तेव्हा जुन्या दराने भरलेल्या साठ्यावरचा तोटा पंपचालकांच्या अंगावर आला. माल कंपनीचा असता तर असे घडले नसते. महाराष्ट्राने त्या वेळी आपला कर कमी केलेला नव्हता, त्यामुळे सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच कंपनीच्या इंधनाच्या भावात ठळक फरक पडला. किरकोळ दरात राज्याचा कर मिसळलेला असतो आणि डीलर जिथे बसला आहे तिथला कर त्याला लागू होतो, एवढेच त्यामागचे कारण होते.

डीलर स्वतंत्र आहे, ही गोष्ट ग्राहकाच्या दृष्टीने केवळ कागदोपत्री नाही. कंपनीची मोठी पाटी पाहून आपण विश्वास ठेवतो, पण वाद झाला की ‘ती डीलरची चूक आहे’ असे कंपनी म्हणते आणि ‘तो कंपनीचा दोष आहे’ असे डीलर म्हणतो, आणि या दोघांमध्ये माणूस हेलपाटे घालत राहतो. मला या विषयावर सविस्तर लिहावेसे वाटले त्याचे कारण ही ससेहोलपटच आहे, कारण ती बऱ्याच अंशी टाळता येते. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ सालच्या मॉडेलचे पैसे दिले आणि त्याला २००९ साली बनलेली, आधी चाललेली गाडी मिळाली. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली असा निर्णय दिला की डीलरच्या या कृत्याची कंपनीला माहिती होती किंवा तिचा त्यात हात होता हे सिद्ध झाले नसल्यामुळे कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे जुना माल नवा म्हणून विकणे, कबूल केलेली वस्तू न देणे, जादा पैसे उकळणे, आगाऊ रक्कम अडकवून ठेवणे या गोष्टींसाठी पहिली दाद डीलरविरुद्ध मागावी लागते. वस्तूच्या रचनेत किंवा निर्मितीत दोष असेल, तर कंपनीला पक्षकार करावे लागते. दोष नेमका कोणाचा हे ठरवणे अवघड असेल, तेव्हा दोघांनाही पक्षकार करणे शहाणपणाचे ठरते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झाल्यास विक्रेता स्वतः केव्हा जबाबदार ठरतो, हे स्वतंत्रपणे सांगितले आहे. विक्रेत्याने वस्तूत बदल केला असेल, कंपनीने दिली नाही अशी वेगळी हमी स्वतःच्या तोंडाने दिली असेल, वस्तूची जोडणी, तपासणी किंवा देखभाल करताना वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा ती वस्तू कोणी बनवली हेच कळत नसेल, तर तो सुटू शकत नाही. त्याच कायद्यातील एक तरतूद सीमाभागातील प्रत्येक घरात माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते. पूर्वी तक्रार प्रामुख्याने विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा व्यवहार जिथे झाला तिथे करावी लागे. २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही तक्रार करता येते. निपाणीच्या माणसाने कोल्हापुरात फ्रीज घेतला आणि तो बिघडला, तर त्याला कोल्हापूरला खेटे घालण्याची गरज नाही. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तो जाऊ शकतो. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग तक्रार ऐकतो, ती ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. आयोगाकडे जाण्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आतापर्यंत सांगितली ती कंपनीने दिलेली परवानगी. काही मालाच्या बाबतीत तेवढी पुरत नाही आणि सरकारचा परवानाही लागतो. शेतीच्या निविष्ठा, म्हणजे खते, बियाणे आणि कीटकनाशके, या त्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या, कारण बनावट रंग घेतला तर भिंत पुन्हा रंगवता येते, बनावट बियाणे पेरले तर हंगाम परत येत नाही. खत नियंत्रण आदेश, १९८५ नुसार खत विकणाऱ्याला कृषी खात्याकडे रीतसर नोंद करून अधिकारपत्र घ्यावे लागते, आणि त्यासाठी ज्या कंपनीचे खत तो विकणार तिचे ‘फॉर्म ओ’ हे स्रोत प्रमाणपत्र जोडावे लागते. या एका कागदात दोन्ही परवानग्या एकत्र येतात: हा विक्रेता आमचा आहे असे कंपनी लिहून देते आणि त्या आधारावर सरकार त्याला विक्रीची मुभा देते. त्यामुळे एखाद्या दुकानाकडे खतविक्रीचे अधिकारपत्र आहे म्हणून तो हव्या त्या कंपनीचे खत विकू शकतो, असे होत नाही. गावच्या कृषी पत्तीन सहकारी संघालाही, ज्याला आपण पीकेपीएस म्हणतो, खत विकताना हाच आदेश लागू असतो.

याच आदेशाने दुकानदारावर साठा आणि दर यांचा फलक दिसेल अशा जागी लावण्याचे आणि प्रत्येक खरेदीची पावती देण्याचे बंधन घातले आहे. युरियाची ४५ किलोची पिशवी करांसह २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि अनुदानित खताची विक्री आधार पडताळणी करून पॉस यंत्रावर नोंदवली जाते. युरिया हवा असेल तर सोबत अमुक बाटली घ्याच, अशी सक्ती काही ठिकाणी होते. ती रोखण्याच्या सूचना केंद्र सरकारने राज्यांना दिलेल्या आहेत, आणि अशा वेळी दुकानाशी वाद घालत बसण्यापेक्षा रयत संपर्क केंद्रातील कृषी अधिकाऱ्याकडे पावतीसह लेखी तक्रार देणे अधिक उपयोगी पडते. अनुदानित खताचे वाटप राज्यानुसार ठरते आणि खताच्या आंतरराज्य वाहतुकीवर १९७३ च्या आदेशाने नियंत्रण आहे, म्हणून इकडचे खत गाडी भरून सीमेपलीकडे नेऊन विकणे ही साधी व्यापारी उलाढाल राहत नाही, हेही इथे सांगायला हवे.

बियाण्यांसाठी बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ नुसार परवाना लागतो, तर कीटकनाशकांसाठी कीटकनाशक कायदा, १९६८ नुसार. सोयाबीन उगवलेच नाही किंवा मक्याला कणीस धरले नाही, तर पावतीवरचा वाणाचा आणि लॉटचा क्रमांक व रिकामी पिशवी हाच शेतकऱ्याचा पुरावा असतो. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले आहे. उधारीवर माल घेतला म्हणून पावती मागायची नाही, असा संकोच आपल्याकडे फार आहे. उधारीचीही पावती मिळण्याचा शेतकऱ्याला हक्क आहे.

वाहनांच्या बाबतीत मोटार वाहन कायदा, १९८८ खाली डीलरला परिवहन कार्यालयाकडून ट्रेड सर्टिफिकेट घ्यावे लागते, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्जही डीलरनेच करायचा असतो. नंबर लागल्याशिवाय गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. मात्र गाडीची नोंदणी डीलर ज्या राज्यात आहे त्याच राज्यात होणार असेल, तेव्हाच हा नियम लागू होतो. चिकोडी तालुक्यातील माणसाने कोल्हापूरच्या शोरूममधून गाडी घेतली आणि ती गावातच वापरायची असली, तर गाडी तात्पुरत्या नोंदणीवर आणून चिकोडीच्या कार्यालयात केए-२३ चा नंबर घ्यावा लागतो आणि कर्नाटकचा रस्ता कर भरावा लागतो. गाडी जिथे राहते त्या राज्यातच नोंदणी करावी असे कायदा सांगतो, त्यामुळे कर वाचवण्यासाठी पाहुण्यांच्या पत्त्यावर कोल्हापूरचा एमएच-०९ नंबर घेऊन ती कायमची इकडे ठेवणे नियमात बसत नाही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ राहिलेल्या गाडीची तिथे नव्याने नोंदणी करावीच लागते. शोरूमवाला ‘सगळे आम्ही बघतो’ म्हणाला, तर कोणत्या राज्यात बघणार हे आधी विचारून घ्यावे.

लहान गावांतील दुकाने बहुधा सबडीलरची असतात. पाटी कंपनीची असली, तरी कंपनीशी करार बेळगावच्या किंवा गोकाकच्या मुख्य डीलरचा असतो आणि सबडीलर त्याच्या वतीने किंवा त्याच्याकडून माल आणून विकतो. यात गैर काही नाही, पण पैसे ज्याच्या खात्यावर भरले, बिल ज्याच्या नावाने निघाले आणि विक्री प्रमाणपत्रावर ज्याची सही आहे, ते तिन्ही एकच असायला हवेत. बिलावरच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक २९ असतील तर तो विक्रेता कर्नाटकात नोंदलेला, आणि २७ असतील तर महाराष्ट्रात. जुन्या गाड्या विकणाऱ्यांनाही १ एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले आहे. गाडी अशा अधिकृत विक्रेत्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना मूळ मालकाने दिली, की त्यानंतरच्या अपघाताची वा दंडाची जबाबदारी विक्रेत्यावर जाते; ती न देता निव्वळ कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देणे धोक्याचे आहे.

‘डीलर’ हा शब्द इतरत्र वेगळ्या अर्थाने भेटतो. जीएसटी येण्यापूर्वी, म्हणजे २०१७ च्या आधी, बिलांवर ‘रजिस्टर्ड डीलर’ असे छापलेले असे, पण त्याचा अर्थ विक्रीकर खात्याकडे नोंद असलेला व्यापारी एवढाच होता. परकीय चलनाच्या व्यवहारात ‘अधिकृत डीलर’ म्हणजे रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेली बँक किंवा संस्था. आणि रेशन दुकान, ज्याच्या पाटीवर कर्नाटकात ‘न्यायबेले अंगडी’ लिहिलेले असते, ते कोणत्याही कंपनीच्या कराराने चालत नाही. ते सरकारच्या आदेशाने चालते.

ज्यांना स्वतः डीलरशिप घ्यायची आहे, त्यांनी करारातील दोन-तीन कलमांवर सर्वाधिक वेळ द्यावा. पहिले कलम करार संपवण्याचे. अमृतसरमधील गॅस वितरकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली असे ठरवले की ३० दिवसांची नोटीस देऊन संपवता येणारा करार न्यायालय पुन्हा चालू करून देऊ शकत नाही. फार तर त्या नोटिशीच्या काळातील कमाईची भरपाई मिळू शकते. शोरूमची जागा, सजावट, सुटे भाग आणि कामगारांचे प्रशिक्षण यांवर मोठी रक्कम घातलेल्या माणसासाठी हे वाक्य फार कठोर आहे. जनरल मोटर्सने २०१७ साली भारतातील विक्री थांबवली आणि फोर्डने २०२१ साली इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा देशभरातील डीलरांना याची झळ बसली. डीलरांना संरक्षण देणारा वेगळा कायदा भारतात नाही. वाहन डीलरांची संघटना ‘फाडा’ तशी मागणी करत आली आहे. म्हणून करार संपल्यावर उरलेला साठा कंपनी कोणत्या भावाने परत घेणार, अनामत किती दिवसांत मिळणार आणि नोटीस किती मुदतीची, हे सही करण्यापूर्वीच लिहून घ्यावे.

दुसरे कलम न्यायालयाच्या हद्दीचे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या कंपनीच्या छापील करारात वाद तिथल्याच न्यायालयात चालतील असे बहुधा लिहिलेले असते, आणि व्यवहाराचा काही भाग तिथे घडला असेल तर अशी अट सहसा टिकते. पुनर्विक्रीसाठी माल घेणारा डीलर कायद्याच्या भाषेत ग्राहक नसतो, त्यामुळे वर सांगितलेली घराजवळच्या आयोगाची सोय त्याला मिळत नाही; त्याला पुण्याला वकील करावा लागतो. क्षेत्राच्या कलमातही ‘बेळगाव जिल्हा’ असे मोघम न लिहिता तालुक्यांची नावे लिहून घेतलेली बरी. सवलतीबद्दलचे कलमही वाचावे, कारण डीलरने ग्राहकाला किती सूट द्यावी यावर कंपनीने घातलेले निर्बंध स्पर्धा कायद्याचा भंग ठरू शकतात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२१ साली याच कारणावरून मारुती सुझुकीला २०० कोटी रुपयांचा दंड केला होता, आणि कंपनीने त्या आदेशाविरुद्ध अपील केले.

पेट्रोल पंप किंवा गॅस वितरण देतो असे सांगणाऱ्या बनावट संकेतस्थळांनी अनेकांची पुंजी खाल्ली आहे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्या पंपासाठी जाहिरात काढून एकाच सामाईक संकेतस्थळावर अर्ज मागवतात, आणि पात्र अर्ज एकाहून अधिक असतील तर सोडतीने किंवा बोलीने निवड होते. त्यामुळे व्हॉट्सॲपवर पाठवलेले मंजुरीपत्र आणि त्यासोबत एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितलेली ‘फाइल फी’ ही फसवणूकच समजावी. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते.